आधी साखर तपासा

पुरुषांनो, कमरेखालच्या दुखण्याबद्दल तुम्ही शेवटचं खरं कुणाला सांगितलंत? बायकोला? डॉक्टरला? की मुतारीच्या भिंतीवर चिकटवलेल्या मोबाईल नंबरला?

हा प्रश्न माझा नाही. आमच्या शहरात एक म्हातारे गृहस्थ, सगळ्यांचे काका, तो विचारत हिंडायचे. क्रांती चौकातल्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, लग्नात पंगत बसायच्या आधी. काखेत जेवणाच्या डब्याची पिशवी असायची आणि पिशवीत डब्याऐवजी बीपीचं मशीन. पांढरा पायजमा, बंद गळ्याचा मळकट कोट आणि उजव्या हाताला बांधलेलं जुनं घड्याळ. घड्याळ उजव्या हाताला का, हे मला फार उशिरा कळलं. ते तुमचा हात डाव्या हातात धरायचे.

धरायचे म्हणजे धरूनच ठेवायचे. "रामराम. झोप झाली का?" असं म्हणून त्यांनी हात पुढं केला, की नवखा माणूस आपला हात द्यायचा आणि अडकायचा. काकांची दोन बोटं मनगटावर, नजर घड्याळावर. तीस सेकंद. तेवढ्या वेळात समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी हसू, मग संकोच, मग थोडी भीती उमटायची. हात सोडताना काका आकडा सांगायचे. "ब्याण्णव. बसल्याजागी ब्याण्णव? कुठं पळतो रं येवढा?"

लोक त्यांना चक्रम म्हणायचे. रिक्षावाले त्यांना लांबून येताना पाहिलं की हात खिशात घालायचे.

करमाडच्या बाजूच्या खेड्यांमधून त्यांनी सगळी नोकरी आरोग्यसेवक म्हणून काढली. सायकलवर गावोगाव हिंडायचं, तापाच्या माणसाचं बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं, विहिरीत औषध टाकायचं आणि कुटुंबनियोजनाच्या शिबिराला माणसं गोळा करायची. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, हे या कामाला लागले. का, असं मी एकदा विचारलं होतं.

"सगळी नोकरी आम्ही बाप्यांना एकच गोष्ट सांगितली, पोरं कमी करा," ते म्हणाले. "बाप्या, तुझं बरं चाललंय का, हे एकदाबी इचारलं नाय."

त्यांच्या बोलण्यात झाकपाक नव्हती. 'कमजोरी', 'ताकद', 'मर्दानगी' हे शब्द त्यांना चालायचे नाहीत. "लिंग ताठ व्हत नाय" हे वाक्य ते, आपण "आज नळाला पाणी नाही" म्हणतो त्याच आवाजात म्हणायचे. आणि नळाचंच उदाहरण द्यायचे. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येतं हा विषय काढला, की कुणीही थांबून ऐकतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"नळाला पाणी नाय आलं तर तू नळाला दोष देतो का?" टपरीवरच्या बाकावर बसून ते सुरू करायचे. "नळ कुठं बिघडलाय! आधी टाकी बघ. त्यात साखर कालवली गेली असंल तर समदी लाईन आतून सडती. मोटर बघ, म्हंजे काळीज. पाईप बघ. गुटख्यानं, तंबाखूनं, बीपीनं पाईप चोंदत्यात. काळजाच्या मोठ्या पाईपाआधी हा बारका पाईप बोंब मारतो. म्हंजे तो तुला सावध करतोय, आन् तू त्याला शिव्या देतो."

"आणि सगळं ठीक असलं तर?"

"तर व्हॉल्व खोलणारा माणूस बघ. तो वर बसलाय." ते आपल्या टाळूवर टिचकी मारायचे. "त्याला झोप नसंल, धाक असंल, मन खचलेलं असंल, तर तो व्हॉल्व खोलाया येतच नाय. तू खाली बादली घेऊन बसशील रातभर."

"मग त्याला चहापाणी द्यायचं का, काका?" कुणीतरी हटकून विचारायचं. बाकावर हशा.

"व्हय. सात-आठ तासांची झोप दे. आन् बायकोशी बोल. त्याचं चहापाणी तेच."

"आणि ते भिंतीवरचे पुडीवाले?"

"ते नळाला सोन्याचा मुलामा देत्यात."

त्या भिंतीवरच्या जाहिराती ते कधी फाडत नसत. "फाडलं की उद्या दुसरी लावत्यात. आपलं खाली लावावं. माणूस वरचा नंबर वाचाया थांबतो, तवा खालचंबी वाचतो." घरून गव्हाच्या पिठाची खळ करून आणायचे आणि प्रत्येक जाहिरातीच्या हातभर खाली एक चिठ्ठी चिकटवायचे. चिठ्ठीवर पेनानं लिहिलेलं असायचं : आधी साखर तपासा. कधी : आधी बीपी तपासा. एकदा रेल्वे स्टेशनजवळच्या मुतारीत म्हणे नुसतंच लिहिलं होतं : झोप झाली का?

या चिठ्ठ्यांचा कागद आमचा होता. क्रांती चौकाच्या मागच्या एका बोळात पप्पांचा छापखाना आहे. कागद कापल्यावर ज्या अरुंद पट्ट्या उरतात त्यांना आम्ही कात्रण म्हणतो. काका दर आठवड्याला येऊन ती मागून न्यायचे. मी कॉलेज संपवून तिथं कॉम्प्युटरवर बसायला लागले होते. पट्ट्यांचा गठ्ठा बांधून देणं माझ्याकडं असायचं.

मी वाचायला शिकले ती त्या छापखान्यात. बाराखडीच्या आधी मला 'निषेध' हा शब्द ओळखता येत होता. जयंतीची पत्रकं, मोर्चाची पत्रकं, वसतिगृहातल्या पोरांच्या मागण्या, गायरान कसणाऱ्यांची निवेदनं, सगळं आमच्याकडं छापलं जायचं. बड्या लोकांविरुद्धचा मजकूर दुसरे छापखाने परत पाठवायचे, तो पप्पा घ्यायचे. त्यांचा नियम एकच होता. पत्रकाच्या खाली नाव पाहिजे, छापवणाऱ्याचं आणि आमचं. "सही करायची भीती वाटते त्यानं ओरडू नये," असं ते म्हणायचे. मी हे वाक्य शाळेच्या भाषणात तीनदा वापरलं आहे.

एका दिवशी काकांनी कात्रणांऐवजी एक पूर्ण कागद पुढं केला. चिठ्ठ्या पुरत नव्हत्या, त्यांना पत्रक काढायचं होतं. वर लिहिलं होतं, लिंगाला ताठरता येत नसेल तर लाजू नका. खाली सगळं साधं, एकाखाली एक. साखर आणि बीपी तपासा. तंबाखू, दारू सोडा. चालू असलेली गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरला विचारा. मन उदास असेल तर तेही डॉक्टरला सांगा, तेही दुखणंच आहे. पुडी खाऊ नका, तिच्यात काय आहे ते कुणी लिहीत नाही. छातीच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नको, जीव जाईल. शेवटी त्यांचं पूर्ण नाव, गाव.

पप्पांनी वाचलं. चष्मा काढून पुसला.

"काका, हे नाही छापता येणार."

"का वो? खाली नाव घातलंय ना. गावासकट."

"नावाचं नाही. शब्द बघा ना तुमचे. इथं लेकीबाळी बसलेल्या असतात."

काका माझ्याकडं वळले. "काय गं पोरी, तुला कळत नाय का ह्यातलं?"

"कळतं," मी म्हणाले, आणि लगेच कीबोर्डकडं बघायला लागले.

मशीनशेजारच्या टेबलावर शाई वाळायला ठेवलेला गठ्ठा होता. त्यावर पळणारा घोडा होता. दर महिन्याला बाहेरगावाहून एक 'गुप्तरोगतज्ज्ञ' यायचा, स्टेशनजवळच्या लॉजवर दोन दिवस खोली घ्यायचा. त्याची पत्रकं आमच्याकडं छापली जायची. काकांनी त्यातलं एक उचललं.

"मग हे काय वाळत घातलंय?"

"ती जाहिरात आहे," पप्पा म्हणाले. "त्यात सगळं झाकून लिहिलेलं असतं."

"व्हय. खोटं झाकूनच लिव्हावं लागतं." काकांनी पत्रक परत जागेवर ठेवलं, कडा जुळवून. रागावले नाहीत. "राहू द्या. कात्रण तरी देता का?"

मी गठ्ठा दिला. ते गेल्यावर मी पप्पांशी भांडले का? नाही. ज्या मुलीनं शहरातल्या प्रत्येक अन्यायावर एक पत्रक लिहून ठेवलं होतं, ती त्या दिवशी गप्प बसली. त्या घोड्याच्या पत्रकाचं प्रूफ दर महिन्याला मीच वाचत होते. ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे, लॉजचा पत्ता तपासायचे, तारीख तपासायचे. खाली त्या माणसाचं नाव होतं, आमचं नाव होतं. नियम पाळला गेला होता. खरंखोटं तपासायचं आमच्या नियमात नव्हतं.

याच सुमाराला आमच्या घरात काय चाललं होतं तेही सांगते, कारण काका मला त्यामुळंच खरे कळले.

माझा दादा शेंद्र्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र. तेव्हा त्याच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. वहिनी दौलताबादची, हसरी, बोलकी. पहिल्या वर्षी तिचं हसणं बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. दुसऱ्या वर्षी बंद झालं. दादा उकाड्याचं निमित्त करून गच्चीवर झोपायला लागला आणि थंडी पडली तरी खाली आला नाही. वाळला होता. आई म्हणायची, कंपनीनं पोराचं रक्त प्यायलं. आणि नातेवाईक विचारायला लागले तशी आई वहिनीला दवाखान्यात न्यायला लागली. एकदा, दोनदा. वहिनीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. मग एका मावशीनं आईच्या कानात सांगितलं की पोरीला काही महिने माहेरी पाठव, म्हणजे कळेल. काय कळेल, ते मावशीलाच माहीत. आई मात्र विचार करायला लागली होती.

वहिनी एक शब्द बोलली नाही. दादाही.

एका सकाळी वहिनी कपडे भिजवत होती. मला हाक मारून तिनं दादाच्या कंपनीच्या शर्टाच्या खिशातून निघालेला, चार घड्या घातलेला कागद पुढं केला. पळणारा घोडा. सोबत दोन रिकाम्या पुड्या.

"ताई, हे आपल्याच छापखान्यातलं ना?"

खाली बारीक अक्षरात पप्पांचं नाव होतं.

"खरं असतं का हे?" तिनं विचारलं. "म्हणजे ह्यानं बरं होतं का माणूस? तुम्ही छापलंय म्हणून विचारते."

मी तो मजकूर बारा-तेरा वेळा वाचलेला होता.

दुपारी मी बसनं करमाडला काकांच्या घरी गेले. काका ओट्यावर खळ घोटत बसले होते, शेजारी काकू मेथी निवडत होत्या. मी कसंबसं सांगितलं. काकांनी मला मध्ये थांबवून तीनच गोष्टी विचारल्या.

"रातच्याला लघवीला किती बार उठतो?"

"तीनदा तरी. जिन्याचं दार वाजतं."

"पाणी?"

"बाटल्या लागतात त्याला."

"आन् वाळलाय म्हणती. घरात कुणाला साखर?"

"आजोबांना होती."

ते उठून कोट घालायला लागले. आमच्या घरातली पाच माणसं हे सगळं रोज बघत होती आणि एकालाही त्याचा अर्थ लागला नव्हता. आम्ही अर्थ दुसराच लावून बसलो होतो, आणि तो अर्थ वहिनी सोसत होती.

"ह्यांचं ऐक बाई," काकू मेथीवरून नजर न काढता म्हणाल्या. "आता समद्या मुलखाला सांगत हिंडत्यात. मला चार वरीस एक शबुद सांगितला नव्हता."

काका एका बाहीत हात घालून थांबले.

"गोठ्यात झोपायचे," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, माझंच कायतरी चुकलं. चार वरीस सोमवार धरले."

"मशीन गावाच्या दंडाला लावायचो," काका शेवटी म्हणाले. "माझ्या दंडाला कधी लावलं नाय. चक्कर येऊन सायकलवरून पडलो, तवा डॉक्टरनं लावलं." दुसऱ्या बाहीत हात घालत ते ओट्यावरून उतरले. "चल."

दादा त्या दिवशी सकाळची शिफ्ट करून छापखान्यात आला होता. काकांनी रामराम केला, झोप झाली का विचारलं आणि हात धरला. दादाला ही खोड माहीत होती, तो हसला. तीस सेकंद झाले. काकांनी आकडा सांगितला नाही. हातही सोडला नाही.

"उद्या उपाशीपोटी माझ्यासंगं दवाखान्यात यायचं. मोठ्या डॉक्टरकडं."

"मला काय झालंय?"

"तेच बघाया जायचंय. आन् तवर ती पुडी बंद."

दादानं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरले नाही. पण दुसऱ्या दिवशी तो गेला.

रांगेतलं मी पाहिलेलं नाही. दादानं ते वहिनीला सांगितलं, आणि वहिनीनं मला, पदर तोंडाला लावून हसत. कितीतरी महिन्यांनी ती हसत होती.

डॉक्टरांच्या दाराशी टेबल टाकून एक मदतनीस तक्रारी लिहून घेत होता. मागं पुरुषांची रांग. दादाची पाळी आली.

"काय त्रास?"

"अशक्तपणा," दादा म्हणाला.

मदतनीस 'अशक्तपणा' लिहायला लागला. "खोडा ते," काका म्हणाले. "सांग रं नीट." दादा खाली बघत राहिला. काका रांगेकडं तोंड करून, टपरीवर बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "मग मीच माझं सांगतो. माझं ताठ व्हत नव्हतं. चार वर्षं. आरोग्य खात्यात व्हतो, तरी बोललो नाय. बीपी निघालं."

दादाच्या मागं एक तगडा माणूस तळहातावर तंबाखू मळत उभा होता. तो फस्सकन हसला. "काय काका, ह्या वयात?"

"ह्या वयात नाय रं. तुझ्या वयात."

सगळी रांग हसली. हसणं ओसरलं तेव्हा दादाचा आवाज आला. "माझंही तेच लिहा."

मदतनिसानं लिहिलं. दादा बाजूला झाला. तंबाखूवाला पुढं आला, टेबलावर वाकला आणि हळूच म्हणाला, "माझंबी."

साखर निघाली. तीन महिन्यांची साखर बघितली तीही भरपूर. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं वर्षभर तरी आत असावं. एकदा-दोनदा जमलं नाही ते साखरेमुळं आणि नाईट शिफ्टच्या थकव्यामुळं. मग भीती बसली, आणि भीतीनं उरलेलं केलं. औषध, पथ्य, गुटखा बंद. शिवाय मनाच्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली.

"मी काय येडा आहे का?" दादा बाहेर येऊन काकांवर उखडला.

"व्हॉल्ववाला घाबरलाय तुझा. त्याला कोण समजावणार, प्लंबर?"

तोही गेला. पुढच्या खेपेला वहिनीला सोबत घेऊन गेला. चमत्कार झाला नाही. सहा-सात महिने लागले, मध्ये दोनदा सगळं सोडून द्यायची वेळ आली. पण दादा गच्चीवरून खाली आला तो दुसऱ्याच महिन्यात.

त्याआधी एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. आईनं मावशीचा विषय काढला. हिला चार महिने दौलताबादला राहू द्यावं का, असं ती पप्पांना विचारत होती. दादानं घास खाली ठेवला.

"आई, ती कुठं जाणार नाही. आणि तिच्या तपासण्याही बस. आता माझ्या चालल्यात. जे काही आहे ते माझ्या साखरेत आहे, तिच्यात नाही."

पप्पांचा हात भाकरीवर थांबला. आई दादाकडं बघतच राहिली. आत वहिनीची तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, आणि तिला कुणी काही म्हणालं नाही. मी आजवर ऐकलेल्या सगळ्या भाषणांत ती चार वाक्यं मला मोठी वाटतात. ती बोलायला माईक नव्हता आणि टाळ्या नव्हत्या.

पुढच्या महिन्यात घोडेवाल्याचा माणूस नवी तारीख घेऊन आला. पप्पांनी कागद परत दिला.

"का हो? नाव आहे ना खाली," तो म्हणाला.

"आहे. आमचंही आहे. तीच अडचण आहे."

मग त्यांनी काकांना निरोप धाडला. काकांनी तेव्हा टेबलावर तसाच सोडलेला तो मजकूर मी जपून ठेवला होता. पप्पांनी प्रूफ स्वतः वाचलं, एकही शब्द झाकला नाही. कागद कापायला दादा आला होता. काकांनी गठ्ठा पिशवीत मशीनशेजारी बसवला आणि जाताना पप्पांशी हात मिळवला. तीस सेकंदांनी म्हणाले, "शंभर. तुमच्याबी दंडाला उद्या मशीन लावू."

आता काकांचे गुडघे चालत नाहीत. ते करमाडच्या ओट्यावर बसतात आणि बसथांब्याकडं निघालेल्या माणसांना हाका मारून बोलावतात. शहरातल्या भिंतींवरच्या त्यांच्या चिठ्ठ्या विरत चालल्या आहेत. वरचे नंबर मात्र ताजे आहेत.

म्हणून ही एक विनंती. ती छापील आहे आणि खाली आमचं नाव आहे. तुमच्या घरातली एखादी बाई या आठवड्यात पुन्हा तपासणीला निघाली असेल, तर तिला बसवा आणि तुम्ही उठा. उपाशीपोटी जा, रांगेत उभे राहा. काय त्रास म्हणून विचारलं तर 'अशक्तपणा' सांगू नका. खरं सांगा, ऐकू जाईल असं सांगा. तुमच्या मागचा माणूस हसला तर हसू द्या. पुढची पाळी त्याचीच आहे.